चांगुणाबाईंचा दुखवटा

पाड्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही पुढच्या शनिवारी गाडी काढाल, गिटार वाजवणाऱ्या एखाद्या भाच्याला सोबत घ्याल आणि तिथल्या उंबराखाली जाऊन बसाल. तसे बरेच जण बसून गेलेत. तेव्हा एवढंच सांगते, की शहापूरहून डोळखांबला जायचं, डोळखांब मागे टाकायचं आणि आजोबाचा डोंगर समोर पुरता दिसायला लागला की गाडी हळू करायची.

मी इस्लामपूरला गणिताच्या शिकवण्या घेते. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले आणि त्याच सुमाराला मला रॉक आवडायला लागला. लेकीने तिचा जुना मोबाइल मला दिला, त्यात सुदामची गाणी तशीच राहून गेली होती. भाजी निवडताना लावली आणि भाजी तशीच राहिली. सुदाम मराठीत गायचा, मागे इलेक्ट्रिक गिटार, ढणाढणा ड्रम आणि त्या सगळ्यातून वाट काढत येणारा खरखरीत, दमलेला आवाज. घरी सगळे हसले. हसू देत.

गेल्या मार्गशीर्षात सुदाम गेला. दारूने गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता. आम्हा चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्याच्या वर्षश्राद्धाला त्याच्या गावी जायचं असं तिथे ठरलं, पन्नासेक जणांनी अंगठे दाखवले आणि प्रत्यक्ष निघालो तिघं.

शहापूर

निखिल डोंबिवलीचा, तिशीचा, कंप्युटरच्या कंपनीत कामाला. गाडी त्याची. अंगात सुदामचा चेहरा छापलेला काळा टीशर्ट आणि मनगटावर दोनच अक्षरं गोंदलेली : ‘ओत’. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, ‘ओत’ हे सुदामचं सगळ्यात गाजलेलं गाणं. गाण्याच्या मध्यावर तो थांबायचा, रिकामा ग्लास वर धरायचा. लोक ओरडायचे, “ओत, ओत”, आणि गर्दीतून हातोहात एक बाटली स्टेजपर्यंत जायची. मी हे फक्त व्हिडिओत पाहिलंय, पण निखिलने अनेकदा समोर उभं राहून पाहिलं होतं.

तिसरी शबाना. भिवंडीची, नर्स, बोलायला कमी. वडील मागावर काम करायचे, म्हणून कापडाला हात लावल्याशिवाय तिच्याच्याने राहवत नाही. माझी ओळख झाली तेव्हा तिने आधी माझ्या साडीचा पदर चिमटीत धरून बघितला आणि मग नाव विचारलं.

शहापुरात मिसळ खाल्ली. आमच्याकडच्या मानाने रस्सा भित्रा होता, पण भूक होती. निखिलने डिकी उघडून सामान दाखवलं : गिटार, एक छोटा स्पीकर आणि कापडात गुंडाळलेली रमची बाटली.

“सुदामला चढवायला,” तो म्हणाला.

शबानाने बाटलीकडे बघितलं आणि चहा मागवला.

वाटेत भातसानगरला थांबलो. धरणाचं पाणी धुक्याखाली होतं, म्हणजे पाणी दिसतच नव्हतं, नुसता एक पांढरा सपाट भाग आणि पलीकडे डोंगरांचे माथे. धुक्यातून एक बगळा निघाला आणि पुन्हा धुक्यात गेला. टपरीवाला म्हणाला, “खाली गावं व्हती. पानी मुंबईला जातं.” मी हं म्हटलं आणि वडापाव खाल्ला. प्रवासात माणूस किती गोष्टींना नुसतं हं म्हणतो.

आजोबाच्या पायथ्याशी

डोळखांबच्या पुढे रस्ता रानात शिरतो आणि आवाज कमी होत जातात. भाताची कापणी झालेली होती. खाचरांत धसकटं, खळ्यांवर पेंढ्याच्या गंज्या आणि सगळीकडे उन्हात तापलेल्या पेंढ्याचा गोडसर वास. त्या वासाने मला गाडीतच गुंगी आली. जाग आली तेव्हा आम्ही एका कुडाच्या घरापुढे उभे होतो आणि मला आधी वाटलं, की अजून झोपेतच आहे, कारण कुठे काही वाजत नव्हतं. रेडिओ नाही, फोन नाही, भांड्याचा आवाजसुद्धा नाही.

निखिलने गिटार काढून तारा जुळवायला घेतल्या. लगेच शेजारच्या घरातून एक बाई पदर खोचत आली.

“बंद करा ते. दुखवट्याचं घर हाय.”

ती सुनंदा, सुदामच्या चुलतभावाची बायको. तिने आम्हाला आत नेलं आणि त्याच्या आईपुढे बसवलं. चांगुणाबाई सुपात वाल पाखडत होत्या. सत्तरीच्या आसपास, बारीक बांधा, पांढरे केस तेल लावून चापून बसवलेले. आम्ही कोण ते सुनंदाने सांगितलं. त्यांनी मान हलवली, “बसा” म्हणाल्या, आणि पुन्हा सूप हलवायला लागल्या. त्यांचा आवाज इतका खालचा, की ‘बसा’ हे मी ओठांवरून ओळखलं.

चहा आला. एक घोट घेतला आणि कळलं, की साखर विसरलेत. मी तो तसाच पीत राहिले. शबानाने डोळ्यांनी मला खुणावलं, बहुतेक म्हातारीला शुगर असावी. निखिल मात्र मोकळेपणाने म्हणाला, “आई, थोडी साखर मिळेल का?”

सूप तेवढं थांबलं.

“साखर नाय आनली वर्सात,” सुनंदा म्हणाली. “काकींचा दुखवटा उतरला नाय अजून.”

निखिलचे कान लाल झाले. त्याने तो कडू चहा एका दमात संपवला आणि आणखी घेतला, शिक्षा म्हणून असावा.

घरात एक फळी होती आणि फळीवर ओळीने रमच्या, व्हिस्कीच्या बाटल्या. हे बघून मी मनात नको ते बोलले. मग उजेडाला डोळे सरावले आणि दिसलं, की बाटल्यांत बी होतं : वाल, नाचणी, हरभरा, काकडीचं बी, प्रत्येकीला घट्ट बूच. एवढ्या बाटल्या या घरात कुठून आल्या, ते मात्र कळलं नाही.

रात्रीचं जेवण सुनंदाकडे झालं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुक्या बोंबलाची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला ज्वारीची भाकरी वाढतात आणि ती खाताना जबडा कामाला लागतो. इथली भाकरी ओल्या रुमालासारखी मऊ, घडी घातली तरी मोडत नाही. मी किती खाल्ल्या ते सांगत नाही.

सुनंदाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, परवा संध्याकाळी हळद. जेवताना ती सारखी त्याच विषयावर येत होती. चांगुणाबाई या भागातल्या धवलारीण. म्हणजे लग्नात हळद लावण्यापासून वरात निघेपर्यंत एकेका विधीला गाणी म्हणायची, त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि म्हणणारीला धवलारीण. सगळे धवले येणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. सुदामच्या गळ्यातलं जे काही होतं ते याच घरातलं.

“पन दुखवट्यात त्या तोंड नाय उघडत,” सुनंदा म्हणाली. “तीन लग्नं झाली त्यांच्याशिवाय. माझ्या पोरीलापन डीजेच सांगितलाय. काय करनार.”

उंबराखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर श्राद्ध झालं. सुदामच्या चुलतभावाने पिंड ठेवले. नदीत पाणी घोट्याएवढं आणि इतकं नितळ, की तळाच्या गोट्यांवर आपल्या पायांची सावली दिसावी. चांगुणाबाई काठावर बसून होत्या. सगळं उरकलं तशा उठून घरी गेल्या.

जिथे त्याला अग्नी दिला त्याच्याजवळ एक उंबर आहे. त्याखाली चाहत्यांनी एक मोठा दगड आणून ठेवलाय, त्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव. आम्ही तिथे बसलो होतो तेवढ्यात मोटरसायकलींवरून पोरं आली, कोणी कल्याणची, कोणी मुरबाडची. सगळ्यांच्या अंगात तोच काळा टीशर्ट. पाच मिनिटांत आम्ही सगळे एकमेकांचे झालो. चाहत्यांचं हे असं असतं, ओळख लागत नाही. कोणी सिगारेट दगडावर ठेवली, कोणी फुलं. एक जण रडला आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवर हात फिरवला. मग निखिलने गिटार घेतली आणि ‘ओत’ सुरू झालं.

खरं सांगते, सुंदर वाटत होतं. उंबराच्या पानांतून ऊन पडत होतं, नदी हळू वाहत होती, आणि अनोळखी पोरांच्या घोळक्यात बसून मी, गणिताची बाई, डोळे मिटून गात होते. मध्यावर सगळे ओरडले, “ओत”, आणि पोरांच्या बाटल्यांतून दगडावर दारूची धार पडली. निखिलने आपली बाटली उघडली नाही, शेवटी चढवू म्हणाला.

डोळे उघडले तर बांधावर चांगुणाबाई उभ्या. काखेत टोपली. गुरांचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत माणूस जसा थांबतो, तशा त्या आमचं गाणं संपायची वाट बघत थांबल्या होत्या. पोरं वाकून पाया पडली, सेल्फी काढू का म्हणाली, आणि निघून गेली. मग त्या खाली आल्या, दगडाभोवतीच्या रिकाम्या बाटल्या एकेक करून टोपलीत भरल्या आणि नदीवर धुवायला बसल्या.

फळीवरच्या बाटल्या कुठून आल्या ते मला तेव्हा कळलं. शबाना त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि बाटल्यांवरची लेबलं खरवडायला लागली.

संध्याकाळी सुनंदाने सगळं सांगितलं, भात सडता सडता, तुकड्या तुकड्यांनी. आमच्याकडे तेराव्याला सोयरेधायरे येतात, टॉवेल-टोपी होते आणि सगळे मोकळे होतात. या घराण्यात तसं नाही. बाईचा दुखवटा तिच्या माहेरानेच उतरवायचा. माहेरचा भाऊ नवी साडी घेऊन येतो, बहिणीला नेसायला देतो, तिच्या तोंडात गूळ घालतो. मग बहीण त्याच्याकडे एक मागणं मागते आणि भावाने ते मोडायचं नसतं. त्यानंतर तिने गोड खावं, सणाला बसावं, गावं. हे होत नाही तोवर काही नाही.

“मंग माहेरचं कोनी आलं नाय?” असं मी तिच्याच बोलीत विचारून गेले.

“कोन येनार? काकींचं माहेर भातसाच्या पान्यात गेलं. मानसं कुठं कुठं पांगली. एक भाऊ व्हता, काका गेले तवा त्यानंच येऊन उतरवला. आता तोपन नाय. गावातला कोनी चालत नाय, गावातले सगले सासरचे.”

मला धुक्याखालचं ते पांढरं सपाट पाणी आठवलं. कुणाच्या तरी माहेराकडे बघत मी वडापाव खाल्ला होता.

सुनंदाने पुन्हा मुसळ उचललं. मग शबाना म्हणाली, “बाहेरून आलेला कोणी चालेल?”

सुनंदा थांबली. आमच्यात पुरुषमाणूस एकच होता. सगळ्यांनी निखिलकडे बघितलं.

“मी?” तो म्हणाला. “अहो, माझी आजी त्यांच्या वयाची आहे.”

“भाऊ वयानं नाय होत,” सुनंदा म्हणाली. “साडी घेऊन येतो तो भाऊ.” मग ती उठून चांगुणाबाईंना विचारायला गेली. आत बराच वेळ लागला. परत आली तेव्हा डोळे पुसत होती. “येऊ दे म्हनतात.”

साडी

तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच आम्ही शहापुरात हजर. दुकानदाराने साड्यांचे ढीग टाकले. शबानाने अर्धं दुकान चिमटीने तपासलं. ही खळ लावलेली आहे, ही दुसऱ्या धुण्यात बसेल, हिचा काठ टोचेल. शेवटी मोतिया रंगाची, विटकरी काठाची एक सुती साडी तिने छातीशी धरली आणि म्हणाली, “ही.” पैसे द्यायला तिघंही पुढे झालो, पण निखिलने आम्हाला मागे सारलं. भाऊ मी आहे म्हणाला. मग गुळाची ढेप घेतली आणि निघालो.

येताना भातसानगरजवळ निखिलने न सांगता गाडी थांबवली. धुकं अजून होतं. पाण्याच्या कडेला जाऊन त्याने ओंजळभर पाणी घेतलं आणि साडीच्या पदरावर दोन थेंब शिंपडले. कुणी शिकवलं नव्हतं. माहेरून येतोय तर माहेर शिवून यावं असं त्याला वाटलं, एवढंच.

चांगुणाबाई अंगणात पाटावर बसल्या होत्या. पाड्यातल्या बायका कुडाला टेकून उभ्या. निखिलने टीशर्ट बदलून माझ्या आग्रहाने सदरा घातला होता, त्याच्या बाह्या आखूड. साडी त्याने दोन्ही हातांनी पुढे केली. “पदराला पाणी लागलंय,” तो म्हणाला, “भातसाचं.”

चांगुणाबाईंनी पदराचं ओलं टोक शोधलं आणि गालाला लावलं. तशाच बसून राहिल्या. मी इकडेतिकडे बघत होते, कारण मला रडू येत होतं आणि मला चारचौघात रडायला आवडत नाही.

त्या आत जाऊन साडी नेसून आल्या. निखिलने गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला. वर्षभराने तोंडात गोड गेलं. त्यांनी तो चावला नाही, नुसता तोंडात धरून ठेवला.

“आता माग गो काकी,” सुनंदा म्हणाली.

चांगुणाबाईंनी निखिलचा हात धरला, मनगटापाशीच.

“मी त्याचा कारेक्रम एकदाच बघितला,” त्या म्हणाल्या. “मुरबाडला, मैदानात. पावसाला सगला माझ्यापाशी राहिला व्हता तो. नांगर धरला, भाताची लावनी केली, थेंबाला शिवला नाय. मंग मुरबाडला गेला गायला, मला पुढं खुर्चीत बसवलं. त्यानं रिकामा गिलास वर धरला, गंमत म्हनून. रिकामाच धरनार व्हता, मला सांगून गेला व्हता. मानसं वरडाया लागली. बाटली निघाली मागून, ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून ह्या हातात. माझ्या डोक्यावरून गेली.” त्या थांबल्या. “मी हात वर केला. पन माझा हात पोचला नाय.”

“मी होतो तिथे,” निखिल म्हणाला. “पुढून तिसऱ्या रांगेत. माझ्या हातातून गेली ती.”

चांगुणाबाईंनी त्याचा हात सोडला नाही. “लय हात व्हते रे,” त्या म्हणाल्या. “तुझा एकल्याचा थोडाच.” मग अंगठा त्या गोंदलेल्या अक्षरांवर ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते काय आहे ते बहुधा पोरांनी सांगितलं असावं. “ह्ये गानं नको म्हनू आता. बाकी त्याची सगली म्हना. ह्ये तेवढं नको. माझ्या दारात नको, दुसरीकडंपन नको.”

निखिलकडे मी बघत होते. त्या गाण्यावर तो कॉलेजात जगला होता, त्याच्या हातावर ते होतं, आम्ही तिघं भेटलो तेही त्याच्यामुळेच. मलाही ते फार आवडतं, आजही आवडतं.

“नाही म्हणणार,” तो म्हणाला. “कोणी म्हटलं तरी त्यात राहणार नाही.”

“मंग झालं,” चांगुणाबाई म्हणाल्या आणि गूळ चावला.

सुनंदाने चहा आणला. एवढा गोड चहा मी जन्मात प्यायले नाही, गूळ भसाभस पडला होता. तो पिताना दुपार झाली. खळ्यावरच्या पेंढ्याचा वास पुन्हा आला, आणि त्या गुंगीत मला ऐकू आलं, की कोणीतरी फार हळू गातंय. आधी वाटलं, दुसऱ्या पाड्यावरून येतंय. चांगुणाबाई पाटावर बसूनच आवाज चाचपत होत्या.

“पयली हलद कुनाला गो, पयली हलद धरतरीला.”

आवाज वर्षभर बंद ठेवलेल्या दारासारखा करकरला. त्यांनी खाकरून पुन्हा घेतलं. बायकांनी ओळ उचलली. दुसरी हळद पाण्याला, तिसरी माहेराला. तिसऱ्या ओळीला त्या अडल्या आणि सुनंदाने ती ओळ पुढे नेली. मग शबानाने, मग मी, शब्द चुकत चुकत. त्यांचा सूर वर गेला तेव्हा मी ओळखलं, की सुदाम कुठून गायचा.

सुनंदाने तिथूनच फोन लावला. “डीजे नको,” म्हणाली. “आमची धवलारीन हाय.”

निखिल मागच्या दारी गेला होता. जाऊन बघितलं तर रमची बाटली उकिरड्यावर ओतून, राखेने घासून धूत होता. ती त्याने फळीवर इतर बाटल्यांच्या शेजारी उपडी ठेवली, बी भरायला.

मुरबाड

हळदीला सुरुवात झाली तशी आम्ही निघालो. थांबा म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी शबानाची ड्युटी होती आणि माझी दहावीची बॅच. गाडी सरळगावच्या बाजूने बाहेर पडली तरी मागून धवले ऐकू येताहेत असं मला बराच वेळ वाटत होतं. शबानालाही वाटत होतं. निखिलने विचारलं नाही.

मुरबाडला चहाला थांबलो. टपरी एका मैदानासमोर होती. कोणतं मैदान ते निखिलला ठाऊक होतं, त्याने मैदानाकडे पाठ करून खुर्ची लावली. सदरा काढून त्याने पुन्हा टीशर्ट घातला होता. पलीकडच्या बाकड्यावरच्या पोरांनी सुदामचा चेहरा ओळखला.

“फॅन का, दादा?” एक जण म्हणाला. “ये ना, बस.” आणि त्याने स्पीकरवर ‘ओत’ लावलं.

पहिल्या सुराला माझा पाय आपोआप हलला, तो मी दाबून धरला. गाणं मध्यावर आलं. पोरांनी चहाचे रिकामे ग्लास वर धरले आणि ओरडायला लागली. निखिल उठला, त्यांच्यापाशी गेला.

“दुसरं लावा ना त्याचं.”

“का रे? एक नंबर गानं हाय.”

“आहे,” निखिल म्हणाला. “बहिणीला शब्द दिलाय.”

पोराने आमच्या दोघींकडे बघितलं. यातली बहीण कोणती ते त्याला कळेना. पण बहिणीचं नाव निघाल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. ग्लास खाली ठेवला आणि गाणं बंद केलं.